अपुऱ्या दिवसांचा हिशेब

मराठीत गरोदरपणाची सारी भाषा दिवसांची आहे. बाईला 'दिवस जातात', मग तिचे 'दिवस भरत येतात', आणि ते भरण्याआधीच मूल जन्मले तर ते 'अपुऱ्या दिवसांचे' ठरते. महिन्यांचाही हिशेब असतो. डोहाळजेवण कितव्या महिन्यात करायचे, माहेरी कितव्या महिन्यात न्यायचे, हे सारे ठरलेले असते. आणि 'नऊ महिने नऊ दिवस' हा आकडा तर शाळकरी पोरांनाही पाठ असतो. या भाषेत आठवड्याला मात्र कोठेच जागा नाही. आम्हां दोघांना आठवड्यांची ओळख झाली ती २०११ च्या जानेवारीत, पुण्यातल्या एका रुग्णालयात, रात्री पावणेदोन वाजता.

"किती आठवडे?" दारातच परिचारिकेने विचारले. आमच्यापैकी जिला कळा येत होत्या तिने सांगितले, "सातवा संपलाय." जो फाइल घेऊन शेजारी उभा होता त्याने त्याच क्षणी सांगितले, "आठवा चालू आहे." परिचारिकेने दोघांकडेही लक्ष दिले नाही. तिने फाइल उघडली, सुरुवातीच्या सोनोग्राफीचा कागद शोधून काढला, भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट फिरवले आणि केसपेपरवर लिहिले : ३१ आठवडे २ दिवस. थोड्या वेळाने आलेल्या डॉक्टरीण बाईंनीही तोच कागद मागितला. "तारीख पक्की आहे ना?" त्यांनी विचारले, आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारले. कळा थांबवण्याचे सोडून या बाई कॅलेंडर काय पाहत बसल्या आहेत, असा राग आम्हांला तेव्हा आला होता. त्या प्रश्नाचा अर्थ कळायला आम्हांला पुढे बरीच वर्षे लागली.

बारा-बारा तासांच्या अंतराने चार इंजेक्शने झाली. कळा दोन दिवस रोखून धरता आल्या. मुलगी जन्मली तेव्हा ३१ आठवडे ४ दिवस भरले होते, म्हणजे २२१ दिवस. वजन होते १,४५० ग्रॅम. तिला 'पेटीत' ठेवले. मराठी माणसाने नवजात अतिदक्षता विभागाला दिलेले हे नाव आम्हांला आजही अधिक खरे वाटते. सव्वीस दिवस ती त्या काचेच्या पेटीत होती, आणि आम्ही बाहेरच्या बाकड्यावर.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गावाहून आजी आली. आमच्यापैकी एकाची ही आजी, लग्नानंतर दोघांचीही झालेली. बालाघाटाच्या डोंगरातले, अंबाजोगाईकडचे तिचे गाव. वय ऐंशीच्या पुढे. तिने बाळाला काचेतून पाहिले, आणि पहिला प्रश्न तिचाही हिशेबाचाच होता : "कितवा व्हता?"

"आठवा," आमच्यापैकी कोणीतरी म्हणाले.

आजी गप्प झाली. सातव्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, हा समज आम्हांलाही ठाऊक होता. त्या बाकड्यावर बसून तो आठवायचा नाही, एवढेच आम्ही ठरवले होते. समज जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे की, आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, कधी मातेकडे तर कधी गर्भाकडे जाते, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा. तिकडे ग्रीकांच्या हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांतही आठ महिन्यांच्या मुलावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तेही आठव्या महिन्याच्या विरोधातच आहे. शरीरशास्त्र नेमके उलटे सांगते. गर्भात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा मुलाच्या पारड्यात पडतो. आठव्यातले मूल सातव्यातल्यापेक्षा केव्हाही बळकट.

मग हा समज टिकला कसा? आम्हांला वाटते, मोजण्याच्या रीतीमुळे. पेट्या नव्हत्या त्या काळात खरोखर सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगणे जवळजवळ अशक्य होते. जी जगली आणि 'सातव्यातली' म्हणून मिरवली, त्यांतल्या बऱ्याच जणांचा हिशेब चुकलेला असणार, काहींचा मुद्दाम चुकवलेला. लग्नाला सात महिने झालेले असताना धडधाकट बाळ जन्माला आले, तर ते सातव्यातलेच असावे लागते. तसे ठरवण्यात दोन्ही घरांचा सोयीचा भाग असतो. म्हणजे सातव्यातल्या जगलेल्या मुलांची गणती फुगत गेली, आणि आठव्यातली मेलेली तेवढी लक्षात राहिली.

आजी थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "सात पुरे झालते की. आठवा कशाला म्हणायचा?" आणि त्या दिवसापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिने ठणकावून सांगितले की, पोरगी सातव्यातली आहे. आम्ही हसलो. ती आमच्या मुलीला अपशकुनातून सोडवत होती, आणि त्यासाठी खोटेही बोलत नव्हती. २२१ दिवस म्हणजे सात महिने पुरे आणि आठवा लागलेला. पुरे झालेले मोजा, सातवा. चालू असलेला मोजा, आठवा. त्या रात्री रुग्णालयाच्या दारात आम्ही दोघांनी एकाच वेळी दिलेली दोन उत्तरे याच दोन रीतींची होती.

हा प्रसंग आम्ही विसरून गेलो असतो. तो पुन्हा समोर आला २०२५ साली, एका नकाशामुळे.

त्या वर्षी दिल्लीची आयआयटी, मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि परदेशांतल्या काही संस्था यांच्या अभ्यासकांनी मिळून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. हवेतील सूक्ष्म धूलिकण आणि अपुऱ्या दिवसांचे जन्म यांचा संबंध तपासण्यासाठी त्यांनी २०१९–२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची आकडेवारी घेतली होती. देशभरात १३ टक्के मुले अपुऱ्या दिवसांची निघाली. हे अनपेक्षित नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आणि इतरांनी २०२० सालासाठी केलेला अंदाजही भारताबद्दल हेच सांगतो. त्या वर्षी जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले वेळेआधी जन्मली आणि त्यांतली सुमारे ३० लाख भारतात, म्हणजे जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. नवल होते ते राज्याराज्यांतल्या फरकाचे. हिमाचल प्रदेश ३९ टक्के, उत्तराखंड २७, राजस्थान १८, दिल्ली १७. आणि दुसऱ्या टोकाला मिझोराम, मणिपूर, त्रिपुरा. वर्तमानपत्रांनी या आकड्यांची उतरंड करून छापली.

अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या आईबापांना अशी उतरंड परक्याच्या नजरेने वाचता येत नाही. आमची नजर ३९ वर अडकली. दहांतली चार मुले अपुऱ्या दिवसांची? जगात ज्या देशाचे प्रमाण सर्वांत जास्त मानले गेले आहे त्या बांगलादेशातही ते १६ टक्क्यांच्या आसपास आहे. शिवाय हिमाचल हे उत्तरेतले आरोग्याच्या बाबतीत बरे राज्य. तिथला अर्भकमृत्यूदर देशाच्या सरासरीहून बराच खाली आहे. दहांतली चार मुले खरोखर वेळेआधी जन्मत असती, तर त्यांतली कितीतरी पहिल्या आठवड्यात दगावली असती, आणि ते मृत्यू दुसऱ्या रकान्यात दिसले असते. ते दिसत नाहीत. धूर म्हणावा, तर गंगेच्या मैदानातली हवा हिमाचलपेक्षा कितीतरी वाईट आहे.

मग आम्हांला आजीचे बोलणे आठवले, आणि आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वैद्यकाच्या व्याख्येप्रमाणे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे. ३७ आठवडे म्हणजे २५९ दिवस. इंग्रजी महिना सरासरी साडेतीस दिवसांचा धरला तर ही रेषा पडते साडेआठ महिन्यांवर, नवव्या महिन्याच्या बरोबर मधोमध. घरोघरी केलेल्या सर्वेक्षणात मात्र बाईला आठवडे विचारून उपयोग नसतो. तिथे मोठा आधार तिच्या आठवणीचाच असतो, तोही काही वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाच्या आठवणीचा, आणि त्या आठवणीचे माप महिना हेच असते. ज्या बाईला साडेआठ महिने झाले होते ती 'आठ पुरे' म्हणेल की 'नववा लागला होता' म्हणेल? दोन्ही उत्तरे खरी आहेत. पण एका उत्तराने तिचे मूल अपुऱ्या दिवसांचे ठरते आणि दुसऱ्याने पुऱ्या दिवसांचे. एखाद्या प्रदेशातली बोलण्याची रीतच 'पुरे' मोजणारी असेल, तर तिथली निरोगी मुलेही नकाशावर गडद रंगात उमटतील. जिथे मोजण्याची रीत 'लागलेला' महिना सांगण्याची असेल, तिथे खरोखर लवकर जन्मलेली मुलेही फिकट रंगात लपतील.

हिमाचलात नेमके असेच घडले, असा आमचा दावा नाही. तो आमचा अंदाज आहे. धुराबद्दलच्या निष्कर्षालाही आमचे आव्हान नाही. चुलीच्या आणि शहरातल्या धुराचा गर्भावर परिणाम होतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. तक्रार आहे ती फक्त उतरंड लावण्याबद्दल. वजन ताजव्यात दिसते, मृत्यू डोळ्यांना दिसतो. पण 'लवकर' हे दिसत नाही. 'लवकर' म्हणायला आधी सुरुवातीची तारीख ठाऊक असावी लागते. ती ठाऊक असलेल्या बायकांची संख्याच प्रत्येक प्रदेशात वेगळी आहे.

तारीख ठाऊक असली तरी प्रश्न मिटत नाही, हे आम्हांला गुरुग्रामच्या एका अभ्यासातून कळले. तिथल्या शासकीय रुग्णालयात २०१५ पासून 'गर्भिणी' नावाचा एक मोठा प्रकल्प चालू झाला. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून या बायकांचा बाळंतपणापर्यंत माग ठेवला गेला. सोनोग्राफीतल्या लांबीवरून गर्भाचे वय काढण्याची जी सूत्रे जगभर वापरली जातात, ती बहुतांशी गोऱ्या बायकांच्या मोजमापांवरून बनवलेली आहेत. संशोधकांनी भारतीय बायकांसाठी नवे सूत्र तयार केले आणि मग सारी सूत्रे एकाच गटाला लावून पाहिली. त्याच बायका, तीच मुले, तोच जन्मदिवस. पण अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे प्रमाण सूत्र बदलले की ११ टक्क्यांपासून साडेसोळा टक्क्यांपर्यंत हलत होते. अमेरिकेतही असे घडले आहे. २०१४ पासून तिथल्या राष्ट्रीय आकडेवारीत शेवटच्या पाळीच्या तारखेऐवजी डॉक्टरांनी ठरवलेले गर्भवय धरायला सुरुवात झाली. आधीच्या वर्षीच्या जुन्या रीतीने हे प्रमाण ११ टक्क्यांच्या वर होते. नव्या रीतीने ते दहाच्या खाली आले. एकही मूल एक दिवसही उशिरा जन्मले नव्हते.

इथवर आलो तेव्हा आमचा एक स्वभाव जागा झाला. आकडे असे डळमळीत असतील तर ते बाजूला ठेवावेत आणि मुलाकडे पाहावे, असे म्हणून मोकळे व्हायचा. पुण्यातल्या त्या डॉक्टरीण बाईंनी दोनदा विचारलेला प्रश्न आठवला, आणि तसे मोकळे होता आले नाही.

त्या रात्री दिलेली इंजेक्शने स्टेरॉइडची होती. आईला दिलेले हे औषध वारेतून गर्भापर्यंत पोचते आणि त्याची फुप्फुसे लवकर तयार करते. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी १९७२ साली हे माणसांत सिद्ध केले. औषध स्वस्त, देणे सोपे. म्हणून मग ते गरीब देशांतल्या खेड्यापाड्यांतून, लहान दवाखान्यांतून सर्रास द्यावे असा विचार झाला आणि भारतासह सहा देशांत त्याची मोठी चाचणी झाली. २०१५ साली तिचे निष्कर्ष आले आणि सगळे चक्रावले. ज्या लहान बाळांसाठी औषध दिले होते त्यांच्यातले मृत्यू कमी झाले नाहीत. उलट सर्व बाळांचा मिळून हिशेब केला तर मृत्यू थोडे वाढलेच. तिथे गर्भाच्या वयाचा भरवसा नव्हता. औषध मिळालेल्या बायकांतल्या कित्येक जणी प्रत्यक्षात पुऱ्या दिवसांच्या निघाल्या, आणि ज्यांची मुले खरोखर लवकर येणार होती त्यांतल्या कित्येक जणी सुटून गेल्या. पाच वर्षांनी, २०२० साली, दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. तीही भारतात, बांगलादेशात, पाकिस्तानात आणि आफ्रिकेतल्या दोन देशांत झाली होती; पण मोठ्या रुग्णालयांत, आणि गर्भाचे वय सोनोग्राफीने पक्के केल्यानंतरच. या वेळी औषधाने मृत्यू कमी केले. औषध तेच होते. दुसऱ्या खेपेला त्याच्याबरोबर पक्की तारीख होती, आणि ते चुकले तर सावरणारे रुग्णालयही होते.

"तारीख पक्की आहे ना?" हा प्रश्न कारकुनी नव्हता. तो उपचाराचाच भाग होता. आमच्याजवळ फाइल होती, फाइलीत सोनोग्राफीचा कागद होता, आणि म्हणून आमच्या मुलीला ते औषध योग्य वेळी मिळाले. आजीच्या गावातल्या बाईजवळ तो कागद असतो का, हा खरा प्रादेशिक फरक.

दुसरा फरक जन्मानंतरचा आहे, आणि तो मोजायला आठवडे लागत नाहीत. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावणारी बाळे केरळात ४ होती, महाराष्ट्रात ११, मध्य प्रदेशात ३१. एकाच देशातले हे आकडे आहेत. केरळातल्या आया मुलांना फार उशिरापर्यंत पोटात ठेवतात म्हणून हे घडत नाही. तिथे लवकर जन्मलेले मूलही ऊब, दूध, श्वास आणि स्वच्छ हात यांच्यापर्यंत वेळेत पोचते. जगाच्या पातळीवर हीच दरी आणखी रुंद होते. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेली मुले श्रीमंत देशांत दहांतली नऊ वाचतात, अतिगरीब देशांत दहांतली नऊ पहिल्या काही दिवसांत जातात.

आपल्याकडे 'लहान' आणि 'लवकर' या दोन गोष्टींची गल्लतही फार जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर अडीच किलोच्या आतले मूल म्हणजे अपुऱ्या दिवसांचे, असाच ठोकताळा होता. १९६१ साली जागतिक आरोग्य संघटनेने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९० च्या दशकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथली पुऱ्या दिवसांची बाळेही सरासरी २.७ किलोंच्या आसपास भरली, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे पाऊण किलोने कमी. दिवस भरले होते. अंग भरले नव्हते. त्या आयांची उपासमार, शेतातले कष्ट, लहान वयातली लग्ने यांचा हिशेब वजनात उमटतो. अपुऱ्या दिवसांची उत्तरे दुसरीकडेही शोधावी लागतात : जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, रक्तक्षय, दोन बाळंतपणांतले कमी अंतर, आणि शहरांत आता ठरवून लवकर केलेल्या शस्त्रक्रियासुद्धा. दोन्हींना एकाच रंगात रंगवले की इलाजही चुकतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने केलेले काम या बाबतीत आम्हांला फार मोलाचे वाटते. कारण त्याची सुरुवात मोजण्यापासून झाली. १९९० च्या दशकात तिथल्या ३९ गावांत प्रत्येक गरोदर बाईची नोंद, प्रत्येक बाळाचे वजन, प्रत्येक मृत्यूची चौकशी गावातलीच प्रशिक्षित बाई करू लागली. तिला 'आरोग्यदूत' हे नाव दिले होते. तिच्याजवळ काचेची पेटी नव्हती. बाळ गुंडाळायची उबदार पिशवी होती, वजनकाटा होता, प्रतिजैविकाचे इंजेक्शन होते, आणि घरी पुन्हा पुन्हा जाण्याची शिस्त होती. सुरुवातीला अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी साधारण ३३ टक्के दगावत होती. काही वर्षांत ते प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, त्यामागे या गावांचा अनुभव आहे. आणि २००१ साली महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर जो अहवाल 'कोवळी पानगळ' या नावाने आला, त्याने तर साधेच काम केले होते : सरकारी वहीत न चढलेली मेलेली मुले मोजली होती. ती निघाली फार. वहीबाहेरच्या मृत्यूंत मोठा वाटा होता नवजात बाळांचा, ज्यांचे बारसेही झालेले नसते.

आजीच्या गावातून आजही दिवाळीच्या आगेमागे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात. नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो, उचल घेतली जाते, आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर पाच-सहा महिने कोपीत संसार होतो. त्यांतली एखादी चौथ्या महिन्याची असते. तिचे कार्ड गावच्या उपकेंद्रात, ती फडावर. पहाटे मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढणाऱ्या बाईला कळा आल्या तर तिला दवाखान्याच्या दारात कोणी विचारील, "किती आठवडे?" ती सांगेल तिच्या रीतीने, पुरे झालेले किंवा लागलेले. एका जिल्ह्याच्या नोंदीत ती स्थलांतरित आहे आणि दुसऱ्याच्या नोंदीत नाहीच. राज्याच्या सरासरीत ती कोठे बसते, हे आम्हांला अजून कोणत्याही नकाशावर सापडलेले नाही.

आजी २०१६ साली गेली. पण त्या सव्वीस दिवसांतल्या एका दुपारी, बाकड्यावर, तिने एक गोष्ट सांगितली होती. तिच्या मुलांची गणती आमच्या घरात पाच अशी होती. त्या दुपारी तिने सहावा सांगितला, जो खरे तर पहिला होता.

"माझा पयला आठव्यातला," ती म्हणाली. "रझाकाराच्या आधलं साल. आषाढी एकादशीला मी बाहेर बसलेली, म्हणून देवळात जाता आलं नव्हतं. त्याच्यानंतर काही बसले नाही. आन् तो झाला महाशिवरात्रीला. घरातली गडीमाणसं परळीला वैजनाथाला गेलती. सासूनं कापसात गुंडाळून चुलीपाशी ठेवला. दोन दिवस व्हता."

इतके बोलून ती थांबली होती. आम्हीही पुढे काही विचारले नाही. समोर काचेपलीकडे आमची मुलगी होती, आणि अशा वेळी माणूस दुसऱ्याच्या मुलाचा विचार टाळतो.

२०२५ मध्ये तो नकाशा पाहिल्यावर आम्हांला जाणवले की, आजीने आम्हांला त्या दुपारी गर्भवय काढायला लागणारे सारे काही दिले होते. पाळीत बाहेर बसण्याची ती रीत बाईला अस्पर्श ठरवणारी. तिच्याबद्दल आम्हांला मुळीच प्रेम नाही. पण तिच्यामुळे शेवटच्या पाळीचा दिवस साऱ्या घराला ठाऊक असे, आणि तो एकादशीचा असल्यामुळे पासष्ट वर्षे लक्षात राहिला. आम्ही जुने पंचांग पाहिले. तिने सांगितलेले साल १९४६–४७ चे धरले, तर त्या दोन सणांच्या मध्ये अधिक मास आलेला नाही. आषाढ शुद्ध एकादशी ते माघ शुद्ध एकादशी, सात चांद्रमास. तिथून माघ वद्य चतुर्दशीपर्यंत आणखी अठरा तिथी. महिना साडेएकोणतीस दिवसांचा धरून बेरीज आली २२५ दिवस. म्हणजे ३२ आठवडे १ दिवस.

आमची मुलगी २२१ दिवसांची होती. आजीचा मुलगा तिच्याहून चार दिवसांनी पुढे होता.

त्याच्याही बाबतीत सात पुरे झाले होते आणि आठवा लागला होता. त्याला आठव्यातला म्हटले गेले, कारण तो जगला नाही. हिला सातव्यातली म्हटले गेले, कारण हिला जगवायचे होते. शरीराने पाहिले तर तो हिच्यापेक्षा थोडा अधिक तयार होता. बालाघाटातल्या चुलीपासून पुण्यातल्या पेटीपर्यंतचे अंतर साधारण तीनशे किलोमीटर आणि चौसष्ट वर्षे, एवढाच त्या दोघांतला फरक. निजामाच्या राज्यातल्या कोणत्याही वहीत तो नाही. आमच्या घराण्याच्या वंशावळीतही नाही, कारण ती बारशाच्या नावांवरून लिहिलेली आहे.

मुलीची ती जुनी फाइल आम्ही जपून ठेवली आहे. केसपेपरवर परिचारिकेच्या अक्षरात लिहिलेले आकडे अजून वाचता येतात. बेरीज झाली त्या रात्री आम्ही फाइलीच्या आतल्या पानावर पेनाने दोन ओळी लिहिल्या. एक मुलीची : ३१ आठवडे ४ दिवस, वजन १,४५० ग्रॅम. दुसरी त्याची : ३२ आठवडे १ दिवस. वजनाची जागा रिकामी सोडली आहे, आणि नावाचीही.